आधी फडकं, मग ग्रीस

लेथ मशीन चालू असलं की बघणाऱ्याची नजर चककडे जाते. तिथं सळई गरगर फिरत असते, हत्याराचं टोक तिला टेकलेलं असतं आणि निळसर कीस वळ्यावळ्यांनी खाली पडत असतो. मशीनच्या डाव्या टोकाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. तिथं पत्र्याचं किंवा बिडाचं एक झाकण असतं. त्या झाकणाआड चार-पाच दातेरी चाकं एकमेकांत दात गुंतवून फिरत असतात. टर्नर मंडळी त्यांना चेंज गिअर म्हणतात. आज बोलायचं आहे ते या झाकणाआडच्या चाकांविषयी. ती साफ कशी करायची, त्यांना ग्रीस कधी आणि किती लावायचं, आणि मुख्य म्हणजे ग्रीस लावण्याआधी काय करायचं.

कुणी म्हणेल, कविता लिहिणाऱ्या माणसानं या तेलकट विषयात कशाला पडावं? त्याचं कारण घरातलं आहे. आमच्या थोरल्या भाईंचं लहानसं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक पॉवर हॅक्सॉ. बी.ए. झाल्यावर काही वर्षं मी तिथं हिशेबाची वही सांभाळली. खर्चाच्या रकान्यात जी नावं पुन्हा पुन्हा यायची, त्यातली बरीचशी या झाकणाआडची असायची. गिअर, बुश, स्टड, पुन्हा गिअर. त्याच पानावर ग्रीसच्या डब्याचीही नोंद असायची आणि डबा लवकर संपायचा. म्हणजे ग्रीस भरपूर लावलं जात होतं आणि तरीही गिअर झिजत होते. हिशेब लिहिणाऱ्याला हे कोडं पडणं साहजिक होतं. ते भाईंनी आणि त्यांच्याकडच्या जुन्या उस्तादांनी मला उलगडून दाखवलं. तेच आज तुमच्यापुढं मांडतो.

आधी या गिअरांचं काम काय ते पाहू. लेथवर आटे पाडायचे असतात, तेव्हा चकाचा एक फेरा झाला की हत्यार किती सरकलं पाहिजे हे ठरलेलं असतं. दोन मिलिमीटर पिचचे आटे हवे असतील तर एका फेऱ्याला बरोबर दोन मिलिमीटर. हे माप हाताच्या अंदाजानं राखता येत नाही. ते राखतो लीडस्क्रू नावाचा लांब, आटेदार दांडा, आणि चकाचा फेरा त्या दांड्यापर्यंत पोचवतात हे चेंज गिअर. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ले यानं १८०० च्या सुमारास लीडस्क्रू, सरकता हत्यार-आधार आणि बदलते गिअर हे तिन्ही एका लोखंडी लेथवर जमवून आणले. एकासारखा दुसरा स्क्रू भरवशानं काढता येऊ लागला तो अशा लेथांमुळं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या गाळ्यात आज जो साधा लेथ चालतो, त्याच्या आटे पाडण्यामागचं तत्त्व हेच आहे.

या गिअरांच्या संचात १२७ दातांचा एक गिअर बऱ्याच ठिकाणी दिसतो. हा विचित्र आकडा कुठून आला? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. २५.४ ला पाचानं गुणलं की १२७ येतात. समजा तुमचा लीडस्क्रू इंचाच्या मापाचा आहे, इंचाला चार आटे. आणि तुम्हाला पाडायचे आहेत दोन मिलिमीटरचे आटे. लीडस्क्रूचा एक आटा होतो ६.३५ मिलिमीटरचा. दोन भागिले ६.३५ हे गणित सोडवलं की उत्तर येतं ४० भागिले १२७. म्हणजे गिअरांची जोडणी ४० आणि १२७ या प्रमाणात केली की इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक उतरतात. साहेबाचं माप आणि आपलं आजचं माप यांची गाठ या एका गिअरवर पडते.

आता दात झिजले तर काय होतं? दातांची संख्या तीच राहते, म्हणून प्रमाण बदलत नाही. बदलते ती चाल. दोन दातांमधली फट वाढते, गिअर खडखडू लागतात, लीडस्क्रू एकसंध न फिरता हिसके घेत फिरतो. आट्याच्या अंगावर त्याचे चट्टे उमटतात. कामाचा नग परत येतो. लहान वर्कशॉपमध्ये परत आलेला नग म्हणजे लोखंड गेलं, वेळ गेला आणि बहुधा गिऱ्हाईकही गेलं.

दात झिजतात का, हे समजायला दातांची हालचाल समजली पाहिजे. गिअरच्या दाताची बाजू सरळ नसते. ती एका विशिष्ट वक्राची असते. त्याला इन्व्होल्यूट म्हणतात. गिअरच्या दातांसाठी हा वक्र अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं सुचवला. या आकारामुळं गती एकसारखी पोचते. पण दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत. दाताच्या मधल्या रेषेवर ते लोळतात आणि तिच्या वर-खाली ते एकमेकांवर घसरतात. जिथं घसरणं आलं तिथं घासणं आलं. ते घासणं कमी व्हावं म्हणून दोन दातांमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा हवा. ग्रीसचं काम एवढंच.

ग्रीस म्हणजे तरी काय? ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. ते तेलच असतं, पण साबणासारख्या एका पदार्थात धरून ठेवलेलं. स्पंजनं पाणी धरावं तसा हा साबण तेल धरतो आणि दाब पडेल तसं थोडं थोडं सोडतो. म्हणून ते उघड्या गिअरवरून ओघळत नाही. हा त्याचा गुण. पण जे चिकटून राहतं ते दुसऱ्यालाही चिकटवून घेतं, हा त्याच गुणाचा दोष. लेथच्या आसपास हवेत काय काय उडत असतं ते आठवा. बिडाचा बारीक भुगा. कास्टिंगवर पहिला कट घेताना त्याच्या कातडीतून निघणारे वाळूचे कण. पॉलिश पेपर फिरत्या जॉबवर धरला की त्यातून सुटणारी खर. हे सगळं ग्रीसवर येऊन बसतं आणि तिथंच राहतं.

गॅरेजमधल्या माणसांना हे लगेच समजेल. इंजिनाचे व्हॉल्व्ह सीटवर नीट बसावेत म्हणून जी पेस्ट लावून ते घासतात, ती कशाची असते? ग्रीससारख्या पदार्थात कालवलेल्या कठीण, बारीक खरेची. लोखंड खाण्यासाठीच ती बनवलेली असते. आपण झाकण उघडून, काळ्या झालेल्या जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस थापतो, तेव्हा अशीच पेस्ट आपल्या हातानं गिअरच्या दातांत भरत असतो. वाळूचा कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतो. तो दोन दातांच्या मध्ये सापडला की दाताला ओरखडे काढतो. वरून पाहावं तर गिअर कसे तुकतुकीत, लोण्यात माखल्यासारखे दिसतात. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हा. आमच्या वहीतलं कोडं इथं सुटलं. ग्रीस कमी पडत नव्हतं. पुसणं कमी पडत होतं.

म्हणून नियम असा की आधी फडकं, मग ग्रीस. आणि फडक्याच्याही आधी वीज बंद.

वीज बंद म्हणजे नुसतं स्टॉपचं बटण दाबणं नव्हे. मेन स्विच पाडायचा, शक्य असेल तर फ्यूज काढून खिशात ठेवायचा. शेजारच्या एका शॉपमध्ये शिकाऊ पोरानं फिरत्या गिअरवर कापसाचं वेस्ट धरलं होतं. गिअर पुसण्याची सोपी युक्ती म्हणून. दोन गिअर जिथं आतल्या बाजूला एकमेकांना भेटतात, तिथं धागा सापडला आणि धाग्यामागून बोटं गेली. दोन बोटांची पेरं गेली. तो पोरगा पुढंही लेथवरच राहिला, पण मायक्रोमीटर दुसऱ्या हातानं धरायला त्याला नव्यानं शिकावं लागलं.

१९४८ चा कारखाने अधिनियम झाला, तेव्हा त्यातल्या कलम २२ मध्ये चालत्या यंत्राला तेल देण्याविषयी कडक तरतूद केलेली होती. चालत्या यंत्राजवळ जाणं भागच असेल, तर ते काम खास शिकवलेल्या प्रौढ माणसानंच आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करायचं. पण तो कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी आखलेला होता. दोन माणसं आणि एक पोरगा एवढ्यावर चालणाऱ्या गाळ्यात कुठला इन्स्पेक्टर येणार? तिथं मालकाची शिस्त हाच कायदा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. सैल बाही नको, गळ्यात रुमाल नको. गिअर फिरवून पाहायचे तर वीज बंद ठेवून, चक हातानं फिरवून.

आता प्रत्यक्ष काम. झाकण काढलं की लगेच पाना उचलू नका. आधी पाहा. कुठला गिअर कुठं आहे, त्याच्यावर दातांचा आकडा कोणता ठोकला आहे, हे कागदावर लिहा. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल असतो, एक फोटो काढून ठेवा. जे दोन दात एकमेकांत बसले आहेत त्यांच्यावर खडूनं किंवा मार्करनं खूण करा. या खुणेला अर्थ आहे. २० दातांचा गिअर ४० दातांच्या गिअरला जोडलेला असेल, तर लहान गिअरचा एक दात मोठ्याच्या ठरावीक दोन दातांनाच भेटत राहतो. वर्षानुवर्षं ते एकमेकांशी जुळवून घेत झिजलेले असतात. त्यांना पुन्हा त्याच जागी बसवलेलं बरं. ४० आणि १२७ ची जोडी मात्र वेगळी. या दोन आकड्यांना समान अवयव नाही, त्यामुळं एकाचा प्रत्येक दात दुसऱ्याच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतो. झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. पण एक दात दुखावला असेल, तर तोही आळीपाळीनं सगळ्यांना ठेचतो. म्हणून तुटका दात दिसला की तो गिअर परत चढवू नये.

गिअर उतरवले की आधी सुकं काम करा. दाताच्या बुडाशी घट्ट बसलेलं काळं ग्रीस बांबूच्या किंवा लाकडाच्या टोकदार काडीनं काढा. पोलादी पटाशीनं खरवडलं तर दाताच्या बाजूवर रेघा पडतात. मग पसरट ट्रेमध्ये थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन जुन्या दात घासायच्या ब्रशनं किंवा रंगाच्या राठ ब्रशनं एकेक दात धुवा. पेट्रोल नको. त्याची वाफ साध्या हवेतही पेटते आणि शेजारी कुणी तरी वेल्डिंग करत असतोच. हवेच्या पाइपानं फुंकर मारून साफ करण्याचा मोहही टाळा. त्या झोतानं कीस बाहेर जातो तसा आतही जातो. तो बुशात, बेअरिंगमध्ये शिरतो, आणि माणसाच्या डोळ्यातही. गिअर नायलॉनचा किंवा फायबरचा असेल, तर त्याला रॉकेलमध्ये बुडवू नका. साबणाच्या पाण्यानं पुसून वाळवा आणि मशीनच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच करा.

धुतलेला गिअर कोरड्या फडक्यानं पुसून उजेडात धरा. दाताच्या बाजूवर सरळ, एकसारखा चकचकीत पट्टा दिसला तर काम ठीक चाललं आहे. पट्टा एकाच कडेला असेल तर गिअर तिरका बसत होता. खड्डे दिसले, दाताची टोकं सुरीसारखी झाली असली, तर त्याचे दिवस भरत आले. आणि याच वेळी गिअरच्या पोटातल्या बुशाकडे पाहायचं. दात सगळ्यांना दिसतात, बुश कुणाला दिसत नाही. मधला गिअर ज्या स्टडवर फिरतो, त्याला तेलाचं एक बारीक भोक असतं. ग्रीसच्या लेपाखाली ते बुजून गेलेलं असतं. आमचे उस्ताद शिकाऊ पोराला सांगायचे, “पोरा, दाताला उपाशी ठेवलंस तर तो ओरडेल तरी. बुश मुकाट्यानं मरतो.” ते भोक तारेनं मोकळं करून तिथं तेलाचे दोन-चार थेंब सोडायचे. तिथं ग्रीसचा निपल असेल तर गननं ग्रीस भरायचं.

आता गिअर परत चढवायचे. दोन गिअर एकमेकांवर घट्ट दाबून बसवले तर ते किंचाळतात आणि तापतात. फार ढिले ठेवले तर खडखडतात. उद्यमनगरात यासाठी काही मोठं उपकरण लागत नाही. वहीच्या कागदाची एक पट्टी दोन गिअरांच्या दातांत सरकवायची, गिअर त्या कागदावर हलकेच दाबून क्वाड्रंटचा नट आवळायचा आणि चक हातानं फिरवून पट्टी बाहेर काढायची. कागदाच्या जाडीइतकी फट आपोआप राहते. पट्टीवर दातांच्या घड्या सारख्या उमटल्या आणि ती फाटली नाही, तर बसवणूक बरोबर.

आणि सगळ्यात शेवटी ग्रीस. ब्रशच्या टोकावर थोडंसं घ्या, दातांच्या बाजूंवर पातळ फिरवा, चक हातानं काही फेरे फिरवा. ग्रीस सगळीकडे पसरेल आणि जास्तीचं दाताच्या कडेला येऊन साचेल. ते जास्तीचं पुसून टाका. दातावर ओलसर चमक राहिली की पुरे. गोळा दिसत असेल तर तो गोळा कामाचा नाही. गिअर फिरू लागला की तो झाकणावर उडणार, नाही तर कीस गोळा करत बसणार. अति तिथं माती ही म्हण इथं अक्षरशः खरी आहे. काही टर्नर ग्रीसऐवजी चिकट, घट्ट तेल लावतात. जिथं कीस फार उडतो तिथं तेही चांगलं, फक्त ते वरचेवर लावावं लागतं. ग्रीस बदलताना एक पथ्य पाळा. एका जातीचं ग्रीस दुसऱ्या जातीत मिसळू नका. लिथियमचं आणि दुसऱ्या साबणाचं ग्रीस एकत्र आलं तर काही वेळा साबणाची पकड सुटते आणि तेल गळून जातं. जुनं पूर्ण धुऊन काढलं असेल तर ही भीती राहत नाही.

इथं एक इशारा दिला पाहिजे. हे सगळं उघड्या गिअरांचं झालं. हेडस्टॉकच्या बंद पेटीतले गिअर तेलात फिरतात. तिथं ग्रीस भरायचं नाही. तेल दातांवर उडतं, उष्णता घेऊन जातं आणि घाण तळाला बसू देते. ग्रीस यातलं काही करत नाही. तेल कोणतं, हे मशीनच्या पुस्तिकेत पाहायचं आणि पातळी काचेच्या डोळ्यात पाहायची, तीही मशीन थांबलेलं असताना. तेल दुधाळ दिसलं तर त्यात कूलंटचं पाणी शिरलं आहे. तेल बदलताना त्यात धातूची चमचमती कणी दिसली, तर आत कुठला तरी दात किंवा बेअरिंग बोलू लागलं आहे. काढलेलं तेल आणि घाण झालेलं रॉकेल गटारात ओतू नका. झाकणाच्या डब्यात साठवून जुनं तेल अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्या. तेलकट फडकीही पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा.

हे किती वेळा करायचं? आपल्याकडे मशीनच्या साफसफाईचा दिवस पंचांगात ठरलेला आहे. खंडेनवमीला महाराष्ट्रातल्या शॉपांमध्ये मशीनं धुतली-पुसली जातात, हत्यारं मांडली जातात, झेंडूच्या माळा चढतात. आमच्या भाईंच्या शॉपमध्येही कामगारांच्या बरोबरीनं आम्ही घरचे सगळे बाह्या सरसावून लेथ पुसायला लागायचो. ज्या मशीननं वर्षभर घर चालवलं, त्याच्याशी त्या दिवशी माणसं किती अदबीनं वागतात! मला तो दिवस फार आवडतो. माझं म्हणणं इतकंच, की त्या दिवशीच्या अदबीतली थोडी दर शनिवारच्या वाट्याला यावी. रोज सकाळी तेलाच्या भोकांत थेंब, दर आठवड्याला झाकण उघडून एक नजर आणि कोरडं फडकं. गिअर बदलायला काढले की प्रत्येक वेळी पुसूनच चढवायचे. आणि पूर्ण उतरवून धुणं वर्षातून दोनदा. बिडाचं काम जास्त असेल तर त्याहून लवकर.

आठवड्याच्या या पुसण्याला अर्धा तास पुरतो. आमच्या शॉपमध्ये तो अर्धा तास शनिवारी पगारवाटपाच्या आधी ठेवला गेला, म्हणजे कुणी तो चुकवून घरी जाऊ नये. वर्षभरानंतर मी वही चाळली, तेव्हा गिअर आणि बुश ही नावं पानापानावर दिसत नव्हती, आणि ग्रीसचा डबाही निम्म्याहून जास्त भरलेला होता. फडक्यांचा खर्च तेवढा वाढला होता.